लोधी कॉलनीतली भित्तिचित्रं: यादी राहू द्या, कमान बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही निसटलं असेल तर लक्षात येईल. डिसेंबरात दिल्लीला जाताय. बरोबर आई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, आणि आठवीतला मुलगा आहे, त्याला चित्रकलेचं वेड आहे. लोधी कॉलनीसाठी, म्हणजे रंगवलेल्या भिंतींमुळे गाजलेल्या तिथल्या सरकारी वसाहतीसाठी, एकच सकाळ हाताशी आहे. रील्समध्ये पाहिलेली वीस-बावीस चित्रं तुम्ही टिपून ठेवली आहेत आणि ती सगळी कमीत कमी चालण्यात होतील असा रस्ता हवा आहे. शेवटी एक शंकाही विचारली आहे: पडीक वस्ती चित्रांनी जिवंत केली असं म्हणतात, ते कितपत खरं?

मी भिंती रंगवून पोट भरतो. सुरुवात दुकानांच्या पाट्यांपासून झाली. आता शाळा, सोसायट्या, पुलाखालचे खांब असं काय काय येतं. लोधीत माझं एकही चित्र नाही, त्यामुळे कुणाची भलामण करायचं कारण नाही. पण दिल्लीला काम निघालं की तिथे चक्कर होतेच, आणि हाताखालच्या पोरांनाही मी मुद्दाम तिथे फिरवतो.

ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या आधीच सांगून टाकतो. डिसेंबरात धुकं किती असेल ते तुमच्या नशिबावर. तुमच्या यादीतली सगळी चित्रं जागेवर असतील याची हमी कुणीच देऊ शकत नाही. उघड्यावरची भिंत आहे, चित्रं उडतात, काहींवर नवा हात मारला जातो, 2025 मध्येही तिथे नव्या भिंती रंगल्या. आईंना किती चालवेल हे तुम्हालाच माहीत. तेव्हा मी रस्ता सांगेन, पण वीसच्या वीस चित्रांचा नाही. सात-आठ भिंती नीट बघता येतील असा सांगेन.

याचं कारण असं. वीस चित्रांची यादी घेऊन गेलात तर अख्खी सकाळ मान खाली घालून फोनवरचा नकाशा बघण्यात जाईल. प्रत्येक चित्रासमोर पोचायचं, हेच ते म्हणून खूण करायची, फोटो काढायचा, पुढे. ते चित्र तर तुम्ही रीलमध्ये पाहिलेलंच होतं. फोटोत जे येत नाही ते बघायला जायला हवं, आणि लोधीत ती गोष्ट म्हणजे खुद्द भिंत.

ही वसाहत ब्रिटिशांनी 1940 च्या दशकात सरकारी नोकरांसाठी बांधली. मेड नावाच्या ब्रिटिश वास्तुविशारदाचं हे काम, आणि ल्युटेन्सने आखलेल्या नव्या दिल्लीत इंग्रजांनी उभारलेली ही शेवटची निवासी वसाहत समजली जाते. ठेंगण्या इमारती, आत हिरवळीचे चौक, आणि रस्त्याच्या बाजूने दोन इमारतींना जोडणारी उंच भिंत, तिच्या मधोमध कमान. त्या कमानीतून आत चौकात जायचं. ब्लॉकमागून ब्लॉक हाच नमुना. म्हणजे इथे आलेल्या जवळजवळ प्रत्येक चित्रकाराला साधारण एकच कागद मिळाला: डावीकडे सपाट भाग, उजवीकडे तेवढाच सपाट भाग, आणि ऐन मध्यावर भलंमोठं भोक.

आम्हा भिंत रंगवणाऱ्यांना विचाराल तर भोक म्हणजे डोकेदुखी. चित्राचा सगळा जीव जिथे असायचा तिथेच भिंत नाही. मग कुणी कमान विसरून चित्र तिच्यावरून उडी मारून पलीकडे नेतो. कुणी दोन्ही बाजूंना दोन आकृत्या उभ्या करून कमानीला त्यांच्यातलं अंतर बनवतो. कुणी कमानीलाच चित्राचा भाग करतो. कुणी सरळ नक्षी भरून मोकळा होतो; असे पण आहेत, नावं घेत नाही. आपल्याकडे समस्यापूर्ती असायची ना, एकच चरण द्यायचा आणि कवींनी आपापलं कडवं जुळवायचं, तसा हा प्रकार आहे. एकटं कडवं ऐकून फारशी मजा नाही. पाठोपाठ पाच-सहा ऐकली की कोण कुठे अडला आणि कोण कसा सुटला ते कळायला लागतं. म्हणून म्हणतो, यादीतली लांबलांबची चित्रं गाठण्यापेक्षा एकाच रस्त्यावरच्या लागोपाठच्या भिंती बघा, त्यातली निम्मी तुमच्या यादीत नसली तरी.

हे सगळं इथेच का जमलं, तेही सांगतो, कारण भिंतीची परवानगी हा आमच्या धंद्यातला निम्मा जीव आहे. तुमचं मुंबईला जाणं-येणं असेल तर वांद्र्याचा चॅपल रोड पाहिला असेल. तिथे रणजित दहिया यांनी 2012 पासून जुन्या हिंदी सिनेमांच्या पोस्टरांसारखी चित्रं काढली. पण तिथे घर वेगळं तर मालक वेगळा. एकाचा होकार, शेजाऱ्याचा नकार, तिसऱ्याचं घर पाडायला आलेलं. चित्रं आपसूकच सुटी-सुटी राहतात आणि लवकर जातात. तुळशी पाइप रोडची गोष्ट आणखी वेगळी: रेल्वेच्या कडेची लांबच लांब बुटकी भिंत, 2009 च्या 15 ऑगस्टला शेकडो लोकांनी मिळून रंगवली. ती भिंत चालत्या गाडीतून बघायची असते, त्यामुळे तिथे बारकावा फुकट जातो. लोधीत मालक एकच, सरकार. देखभाल केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. वर भिंती एकसारख्या, रुंद फुटपाथ, मोठी झाडं, आणि रस्त्यापलीकडे उभं राहून अख्खी भिंत नजरेत मावेल एवढं अंतर. हे शेवटचं फार मोलाचं आहे. मुंबईत अर्ध्या भिंती अशा असतात की पूर्ण दिसायला समोरच्याच्या बाल्कनीत जावं लागतं.

काम सुरू झालं 2015 च्या सुमारास. स्टार्ट इंडिया फाउंडेशन या संस्थेने ते हाती घेतलं आणि एशियन पेंट्सचं पाठबळ मिळालं. याच मंडळींनी 2014 मध्ये दिल्लीतल्या आयटीओ चौकाजवळच्या तेव्हाच्या पोलीस मुख्यालयावर गांधीजींचं प्रचंड चित्र उभं केलं होतं, जर्मनीचे हेंड्रिक बायकिर्ख आणि आपल्याकडच्या अनपू वर्की यांच्या हातचं. संस्थेच्या संस्थापकांपैकी हनीफ कुरेशी मूळचे गुजरातमधले. हाताने पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची अक्षरं जपण्यासाठी त्यांनी खूप खटपट केली. 2024 मध्ये ते अकाली गेले. आमच्यासारख्या पाटीवाल्यांना त्यांचं नाव माहीत असतं. लोधीत लेक आणि सोवा या फ्रेंच जोडीबरोबर त्यांनी केलेली अक्षरांची भिंत आहे, ‘वुई लव्ह दिल्ली’ नावाची. दिसली तर तुमच्या चिरंजीवांना अक्षराची जाडी कुठे वाढते, कुठे कमी होते ते बघायला सांगा. आज तिथे पन्नासच्या वर भिंती आहेत.

आता एक भिंत जवळून कशी बघायची ते सांगतो. आधी रस्त्यापलीकडून बघा, कमानीचं काय केलंय ते कळेल. मग रस्ता ओलांडून हातभर अंतरावर जा आणि चित्राकडे न बघता खाली जोत्याकडे बघा. जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत बहुतेक जुन्या भिंतींना ओल चढते. ओल सुकताना आतले क्षार बाहेर येतात, पांढरी पूड दिसते. त्याला आम्ही लोणा लागला म्हणतो. त्याच्यावरचा रंग आधी फुगतो, मग पापुद्रे सुटतात. शहाणा चित्रकार चेहरा, हात असलं काही त्या पट्ट्यात ठेवत नाही; गवत, पाणी, सपाट रंग ठेवतो, म्हणजे पुढे कुणी डागडुजी केली तरी चित्राला धक्का नको. मग नजर वर न्या. पावसाच्या पाण्याचे पाइप, खिडकीवरचे छज्जे, विजेच्या तारा, नंतर बसवलेले एसी. चित्रात ते सामावून घेतलेत की चित्र काढताना नव्हतेच, हे थोडं निरखलं की कळतं. कमानीच्या आतल्या कडेला रोलर पोचत नाही, तिथे ब्रशचा हात दिसेल. रंग पातळ झालेल्या जागी कधी कधी खालच्या खुणा डोकावतात, वेडेवाकडे आकडे नाहीतर गिरगटलेल्या रेघा. ते कुणी पोराने केलेलं नसतं. मोठं चित्र भिंतीवर उतरवायला हल्ली चौकटी पाडण्याऐवजी भिंतभर अशा खुणा करतात, तिचा फोटो काढतात आणि फोनमध्ये त्यावर आपलं रेखाटन ठेवून कुठली रेघ कुठल्या खुणेजवळून जाते ते बघत परांचीवर चढतात.

चित्रं फोटोतल्यासारखी दिसतील का, असंही तुम्ही मध्येच विचारलंय. नाही दिसणार, आणि सगळे रंग सारखे उडत नाहीत. भडक लाल, गुलाबी आणि काही पिवळे रंग उन्हात सगळ्यात आधी जातात. गेरूच्या जातीचे मातकट रंग टिकतात, निळा-हिरवाही चिवट असतो. त्यामुळे जुन्या भिंती हळूहळू थंड, निळसर वाटायला लागतात. चित्रकाराने तसं केलेलं नसतं. दिल्लीला पाऊस वर्षाला साधारण 700-800 मिलिमीटर, मुंबईला 2000 च्या वर. म्हणून मुंबईत भिंतीला शेवाळ खातं, दिल्लीत ऊन आणि धूळ. धुळीच्या थराने सगळे रंग एक पायरी खाली आल्यासारखे दिसतात. रील्समध्ये तर वरून फिल्टर असतो. फोटोतलं जांभळं प्रत्यक्षात राखाडी निघालं तर हिरमुसू नका.

आता सकाळ कशी लावायची. जोरबाग मेट्रो स्टेशन पिवळ्या मार्गावर, जेएलएन स्टेडियम जांभळ्या मार्गावर. वसाहत या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येते. बहुतेक भिंती खन्ना मार्केट आणि मेहेरचंद मार्केट यांच्या दरम्यान आहेत. सरळ चाललात तर अंतर फार नाही, आतल्या रस्त्यांनी वळसे घेतले की दोन-तीन किलोमीटर होतं. आईंसाठी तेवढंही नको. त्यांना रिक्षाने खन्ना मार्केटपर्यंत आणा, तिथे चहा-नाश्ता होऊ द्या, आणि तुम्ही दोघं एका रस्त्याच्या भिंती बघून परत या. मग तिघं मिळून दुसऱ्या एखाद्या रस्त्याच्या तोंडापर्यंत रिक्षा करा. भिंती रस्त्यावरच आहेत, हळू जाणाऱ्या रिक्षातूनही आईंना बरंच दिसेल. रिक्षावाल्याशी थांबत-थांबत जायचं आधीच ठरवून घ्या, नाहीतर तो तिसऱ्या भिंतीशी वैतागतो.

वार निवडायची मुभा असेल तर रविवार टाळा, असं माझं मत आहे. लोक उलटं सांगतील. सरकारी वसाहत आहे. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांच्या गाड्या भिंतींना लागून उभ्या, आणि चित्राचा खालचा तिसरा हिस्सा गाड्यांमागे. कामाच्या दिवशी साडेनऊनंतर बऱ्याच गाड्या कचेऱ्यांकडे गेलेल्या असतात. शिवाय रविवारी लग्नाआधीची फोटोशूटवाली जोडपी एकेक भिंत अडवून बसतात. धुकं असेल तर पहाटे धावपळ करूच नका. नऊ-साडेनऊला सुरुवात केली तरी चालेल. फिकट, ढगाळ उजेड भिंत बघायला उलट चांगलाच, झाडांच्या सावल्यांचे ठिपके पडत नाहीत.

एका भिंतीला मात्र ऊन हवंच. डाकू या टोपणनावाने, चेहरा न दाखवता काम केलेल्या कलाकाराची ‘टाइम चेंजेस एव्हरीथिंग’. इथे मजकूर रंगाने लिहिलेला नाही. भिंतीतून काटकोनात बाहेर आलेली अक्षरं आहेत. ऊन पडलं की त्यांची सावली भिंतीवर उतरते आणि शब्द वाचता येतात. सूर्य सरकला की सावली तिरकी होते, ओढली जाते, शब्द बिघडतात. ढग आला की मजकूर गायब. पणजीला 2018 च्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात रस्त्यावर डोक्यावरच्या जाळीतून अक्षरांच्या सावल्या पडत होत्या, ते काम याचंच. ही भिंत शेवटी ठेवा, अकरा-बाराच्या सुमाराला, आणि शक्य असेल तर तिथे पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने दोनदा जा. आठवीतल्या मुलाला भूगोलात शिकलेलं सूर्याचं भासमान भ्रमण इथे डोळ्यांनी दिसेल. धुक्यामुळे ऊनच पडलं नाही तर निमूट पुढे चला, ओक्याबोक्या अक्षरांकडे बघत उभं राहण्यात अर्थ नाही.

आणखी एक भिंत नावानिशी सांगतो, कारण ती आपल्या माणसाची आहे: ‘विश्वरूप’. पुण्याचे हर्षवर्धन कदम, जे इंकब्रशएनमी या नावाने काम करतात, त्यांची. त्यांचं कसबा पेठेतलं काम तुम्ही पाहिलं असेल तर रेघेची जात ओळखता येईल. पेठेत वाड्याची भिंत म्हणजे कोनाडे, खुंट्या, उखडलेला गिलावा, आणि बघणारा अगदी नाकासमोर. लोधीत मोकळी, प्रमाणबद्ध भिंत आणि बघणारा रस्त्यापलीकडे. एकच हात दोन्हीकडे कसा बदलतो, यावर मी आमच्या पोरांना बोलायला लावतो.

आता तुमच्या शंकेबद्दल. पडीक वस्ती जिवंत केली, हे वाक्य लोधीला लागू पडत नाही. ही वस्ती पडीक नव्हतीच. सरकारी नोकर राहत होते, मुलं चौकात खेळत होती, बाजार चालू होते. गंमत म्हणजे खन्ना मार्केट आणि मेहेरचंद मार्केट ही दोन्ही नावं एकाच माणसाची: मेहेरचंद खन्ना, फाळणीनंतर निर्वासितांच्या पुनर्वसनाचं खातं सांभाळणारे केंद्रीय मंत्री, स्वतः पेशावरचे. त्यातलं खन्ना मार्केट अजून रोजच्या वाणसामानाचं आहे. मेहेरचंद मार्केटमध्ये शिंप्यांच्या आणि किराण्याच्या दुकानांच्या जागी महागडी कपड्यांची दुकानं आणि कॅफे आले. पण तो बदल चित्रांच्या आधीच सुरू झाला होता, त्याचं श्रेय किंवा खापर भिंतींवर फोडता येत नाही. चित्रांनी एवढं नक्की केलं की एरवी ज्या रस्त्यावर फक्त तिथे राहणारेच वळायचे, तिथे परके लोक पायी फिरायला लागले. मला वाटतं वसाहतीच्या जिवाला खरा धोका रंग उडण्याचा नाही. सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर अशा सात सरकारी वसाहती पुनर्विकासात घेतल्या गेल्या, जुनी घरं पाडून उंच इमारती आल्या. लोधीचं नाव त्या सातांत नाही. ती ठेंगणी घरं आहेत तोवर त्या कमानी आहेत, आणि कमानी आहेत तोवर हा सगळा खेळ.

म्हणूनच तिथे वागण्याचं थोडं पथ्य आहे. रस्त्यावरून भिंत बघायला तिकीट नाही, परवानगी नाही, कुणी अडवत नाही. पण कमानीच्या आत लोकांची घरं आहेत. आत डोकवायला हरकत नाही, मात्र चौकात जाऊन वाळत घातलेल्या कपड्यांचे आणि अंगणात बसलेल्या आजींचे फोटो काढू नका. काढायचाच असेल तर विचारा. कमानीत बसून फोटो काढताना येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट अडते, तेवढं बघा. वाटाड्याबरोबरच्या फेऱ्याही निघतात, पण आईंची चाल बघता तुम्ही आपापलं फिरलेलं बरं. गटाबरोबर गेलात की गटाच्या वेगाने चालावं लागतं.

थोडक्यात क्रम असा: कामाचा दिवस, साडेनऊला खन्ना मार्केट, एका रस्त्याच्या लागोपाठ पाच-सहा भिंती दुरून आणि जवळून, मग रिक्षाने ‘विश्वरूप’, ऊन असेल तर अकरानंतर डाकूची भिंत, आणि मेहेरचंद मार्केटच्या बाजूला जेवण किंवा तिथून जेएलएन स्टेडियमची मेट्रो. ब्लॉकचे नंबर इमारतींवर लिहिलेले असतात. दोन-तीन ठरवलेल्या भिंतींसाठी ते आदल्या दिवशी नकाशावर बघून ठेवा, बाकी पायांना ठरवू द्या.

मुलासाठी एक काम सुचवतो, आमच्या पोरांना देतो तेच. चित्रकलेच्या वहीत एका पानावर कोऱ्या भिंतीची चौकट काढायची: मध्ये कमान, दोन्ही बाजूंना खिडक्या, खाली जोतं. अशी सात-आठ पानं. प्रत्येक भिंतीसमोर चित्राची नक्कल करायची नाही. कमानीचं काय केलंय तेवढंच चार रेघांत टिपायचं. शेवटचं पान रिकामं ठेवायचं, ते त्याचं स्वतःचं. चौकटी मात्र आदल्या रात्री मुक्कामावरच काढून घ्या. दिल्लीच्या डिसेंबरात सकाळी बोटं आखडतात, पट्टी धरून रेघ मारवत नाही.